अंगठ्याखालचा ‘कट्ट’

मुठीत मावणारा आणि अंगठ्याने चाक फिरवून आकडे मोजणारा एक छोटा गणक मी सध्या सांगलीत तयार करतो आहे. मोबाईलवर मोजणीची ॲप ढिगाने असताना हा खटाटोप कशाला, असे लोक विचारतात. काचेवर बोट टेकल्यावर आकडा पुढे सरकला की नाही, हे डोळ्यांनी पाहावे लागते. खाचेत बसणारा छर्रा मात्र तीच खबर बोटाला आणि कानाला एकाच क्षणी देतो.

२० मिलिमीटर व्यासाच्या पितळी चाकाच्या कडेवर २० उथळ खाचा आहेत, म्हणजे दोन खाचांत साधारण ३.१४ मिलिमीटर अंतर पडते, आणि मागून स्प्रिंगने रेटलेला ३ मिलिमीटरचा पोलादी छर्रा त्यांत बसतो. छर्रा खाचेची चढण चढत असताना अंगठ्याला विरोध वाढत गेलेला जाणवतो आणि माथा ओलांडताच तो पुढच्या खाचेत आदळून ‘कट्ट’ वाजतो. मोजणी एकाच दिशेने करायची असल्याने मी चढण पसरट आणि उतरण उभी ठेवली, त्यामुळे आवाज ठसठशीत येतो व चाक उलटे फिरवायला जास्त जोर लागतो.

आवाज छर्‍यापाशी उमटत असला, तरी त्याचा पोत डबी ठरवते. थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या पातळ भिंतींच्या डबीत तोच आवाज पोकळ वाटतो. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर करून घेतलेल्या पितळी डबीत तो भरीव होतो, कारण जाड, जड भिंत सहजासहजी थरथरत नाही. शिवाय टेबलावर ठेवून केलेली परीक्षा फसवी असते. टेबलाची फळी आवाज वाढवते, तर तळहात तो शोषून घेतो. म्हणून निवाडा नेहमी मुठीतच करावा.

शेजारच्या मिरजेत सतारी-तंबोऱ्यांची जवारी (तारेचा गुंजणारा नाद) काढणारे कारागीर घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा किंचित घासतात, तार छेडून ऐकतात आणि पुन्हा घासतात. खाचांच्या कडांवर पॉलिश पेपर फिरवताना मी हीच रीत पाळतो. कड फार गोल झाली की ‘कट्ट’ मऊ पडतो, आणि धारदार राहिली तर चाक अंगठ्याला बोचते. घट्ट ग्रीस तर आवाज पार गिळून टाकते, तेव्हा पातळ तेलाचा एखादा थेंबच बरा.

आता आकडा शून्यावर आणणारे बटण बसवायचे आहे, आणि त्याचा आवाज चाकापेक्षा इतका खर्जातला हवा की खिशात चुकून दाबले गेले तरी ते लगेच कळावे.