रेघा गप्प होत्या

साबणाच्या वडीपासून फरसाणाच्या पुड्यापर्यंत सगळीकडे असणाऱ्या त्या काळ्या उभ्या रेघांकडे कुणी नीट पाहत नाही. पाहायचं कारणही नाही. बारकोड आपल्यासाठी नसतोच. तो दुकानदार आणि त्याचं मशीन यांच्यातला खासगी मामला. काउंटरवरचा मुलगा पुडा उलटासुलटा करतो, मशीन 'टीं' करतं, आपण पिशवी उघडून उभे.

या रेघा उमटल्या त्या मायामीच्या वाळूत. नॉर्मन वुडलंड नावाचा अमेरिकन तरुण किनाऱ्यावर बसला होता. मोर्स कोडचे ठिपके आणि डॅश त्याच्या डोक्यात होते. ते त्यानं बोटांनी खाली ओढले आणि झाल्या रेघा. १९५२ मध्ये त्याला आणि बर्नार्ड सिल्व्हर या मित्राला पेटंट मिळालं, पण या रेघा दुकानाच्या गल्ल्यावर पोचायला आणखी वीसेक वर्षं गेली. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावी एका सुपरमार्केटात पहिली वस्तू स्कॅन झाली: ज्यूसी फ्रूट च्युइंगमचा पुडा, ६७ सेंट. एवढ्या मोठ्या बदलाचा नारळ च्युइंगमवर फुटावा, हे मला फार आवडतं.

आपल्याकडच्या पुड्यांवर रेघांखाली तेरा अंक असतात, बहुधा ८९० ने सुरू होणारे. ८९० म्हणजे माल भारतातच बनलेला, असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरतो. तसं काही नाही. कंपनीनं आपला नंबर जीएस वन इंडिया या संस्थेकडून घेतला, एवढाच त्याचा अर्थ. माल कुठे बनला, रेघांना ठाऊक नसतं. किंमतसुद्धा ठाऊक नसते, ती दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये. बिस्किटाचा कालचा पुडा आणि सहा महिन्यांपूर्वीचा पुडा, दोघांच्या रेघा एकच. त्या फक्त जात ओळखतात, माणूस नाही.

क्यूआर कोडचं तसं नाही. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांनी तो केला, मोटारींच्या सुट्या भागांसाठी. एकेका खोक्यावरचे अनेक बारकोड स्कॅन करून कामगार वैतागले होते. हारांना गो या खेळाच्या पटावरच्या काळ्यापांढऱ्या सोंगट्यांवरून कल्पना सुचली. कोपऱ्यातल्या तीन चौकोनांसाठी त्यांनी मासिकं, जाहिराती, खोकी असं ढीगभर छापील साहित्य तपासलं आणि काळ्यापांढऱ्याचं जे प्रमाण छपाईत क्वचितच येतं ते निवडलं: १:१:३:१:१. म्हणून कॅमेऱ्याला चौकोन चटकन सापडतो. यात सात हजारांवर अंक मावतात, आणि तशी सोय ठेवली तर तीस टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळतो. हळदीचे डाग धरून. कंपनीनं पेटंट घेतलं, पण वापराचे पैसे मागितले नाहीत. पावभाजीच्या गाडीवर चौकोन टांगला गेला त्याचं एक कारण हेही.

आता २०२७ संपेपर्यंत जगभरच्या दुकानांतली मशीनं रेघांबरोबर चौकोनही वाचू शकतील, असं जीएस वन या आंतरराष्ट्रीय संस्थेचं उद्दिष्ट आहे. चौकोनात बॅच नंबर आणि एक्स्पायरी घातली, की मुदत संपलेला ब्रेड बिल होतानाच अडवता येईल. हे मला मनापासून पटतं.

खटकतं ते वेगळंच. हा चौकोन मशीनशी बोलून थांबत नाही, आपल्याशी बोलायला येतो. 'स्कॅन करा आणि जाणून घ्या!' मसाल्याच्या एका पाकिटावरची एक्स्पायरी शिवणीत गेली होती, म्हणून मी आज्ञाधारकपणे स्कॅन केलं. तारीख नाहीच मिळाली. एक हसरा शेफ पनीर करायला लागला. वर लोकेशनची परवानगी. रेल्वेत समोर बसलेल्या सहप्रवाशासारखा हा प्रकार, आधी स्वतःचं सगळं सांगायचं आणि मग हळूच, "तुम्ही कुठले?"

ज्यादा माहिती द्या की खुशाल; पण जे डोळ्यांनी वाचायचं ते पुड्यावरच राहू द्या, तेही ठळक. माझ्या मावशीला फोनवर भजनं लावता येतात, पण पुडा एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात धरून कॅमेरा स्थिर ठेवणं तिला जमत नाही. "वाच गं जरा," म्हणून ती पुडा पुढे करते. पुढे करायला छापलेलं काही असलं तर.

औषधांच्या बाबतीत तर चौकोनाची खरी गरज. १ ऑगस्ट २०२३ पासून औषधांच्या तीनशे ठरावीक ब्रँडांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्यात जेनेरिक नाव, उत्पादक, बॅच, एक्स्पायरी, परवाना क्रमांक सगळं हवं. बनावट औषध ओळखायला याहून सोपा उपाय सामान्य माणसाच्या हाती दुसरा नाही. मात्र नियमात एक पळवाट आहे, आणि तीही रास्तच: लेबलवर जागा पुरत नसेल तर कोड बाहेरच्या खोक्यावर चालतो. आता आपण मेडिकलमध्ये जाऊन काय म्हणतो? "चारच गोळ्या द्या." दुकानदार कात्री घेतो, पट्टी कापतो, चार गोळ्या कागदी पाकिटात सरकवतो. खोकं त्याच्याच फळीवर राहतं.