गुलाबी मेणबत्ती आणि तुरुंगातला योहान

मम्मीने काल रात्री नाचणी भिजत घातली होती ती आज सकाळी पसरट ताटलीत माती घालून पेरली. दरवर्षी नाताळआधीच्या आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारच्या आसपास ती पेरते, म्हणजे २४ डिसेंबरपर्यंत बरोब्बर दोन-तीन बोटं उंच हिरवंगार गवत येतं आणि ते नाताळच्या गोठ्यात (येशूजन्माच्या देखाव्यात) ठेवता येतं. आमच्याकडे वसईत बऱ्याच घरांत असं करतात, गोव्याकडेही करतात. लवकर पेरली तर पिवळी पडून आडवी होते, उशीर झाला तर बाळ येशूपुढे नुसती माती. लहानपणी मी शाळेतून आले की आधी त्या ताटलीकडे जायचे आणि बोटाने माती उकरून बघायचे कोंब आलाय का, आणि मम्मी ओरडायची, अगं हात लावू नको, येईल तो त्याच्या वेळेला.

ऑफिसमध्ये एकीने विचारलं, तुमचं ख्रिसमस १ तारखेपासून सुरू होतं ना? मॉलमधली झाडं बघून कुणालाही तसंच वाटणार. पण चर्चमध्ये अजून नाताळ सुरू झालेलाच नाहीये, सध्या आगमनकाळ चालू आहे, इंग्रजीत ज्याला अॅडव्हेंट म्हणतात. मूळ लॅटिन शब्द आद्वेन्तुस, म्हणजे येणं. नाताळच्या आधीचे चार रविवार, यंदा (२०२५) ३० नोव्हेंबर, ७, १४ आणि २१ डिसेंबर. चर्चचं नवीन वर्ष याच पहिल्या रविवारी सुरू होतं, १ जानेवारीला नाही. फादर जांभळी वस्त्रं घालतात, रविवारच्या मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणत नाहीत, ती नाताळच्या रात्री म्हणायची, आणि इतके दिवस गप्प राहून मग ती ऐकली की खरंच अंगावर काटा येतो. चार रविवार असले तरी चार आठवडे पूर्ण भरतातच असं नाही, २०२३ ला चौथा रविवार २४ डिसेंबरलाच आला होता, सकाळी आगमनकाळाची मिस्सा आणि त्याच रात्री नाताळची, मधल्या काही तासांत जांभळं सगळं काढून पांढरं लावायचं, मुलांची नुसती पळापळ.

आणखी एक गोष्ट खूप जणांना, अगदी आमच्यातल्याही, लक्षात येत नाही. पहिल्या रविवारी बाळ, गोठा, मेंढपाळ यातलं काहीच नसतं. यंदा मत्तयचं वर्ष आहे (मत्तय, मार्क, लूक ही येशूच्या चरित्राची बायबलमधली पुस्तकं, रविवारच्या वाचनाला वर्षाला एक अशी आळीपाळीने येतात) आणि पहिल्याच रविवारी वाचन होतं नोहाच्या काळचं, लोक खात-पीत होते, लग्नं करत होते आणि पूर कधी आला कळलंसुद्धा नाही, म्हणून जागे राहा. म्हणजे सुरुवात होते ती प्रभू पुन्हा येणार आहे यापासून, आणि बेथलेहेमच्या जन्माकडे आपण वळतो ते १७ डिसेंबरपासून. आधी जो यायचाय त्याची वाट बघा, मग जो आला होता त्याची आठवण काढा. मला हा क्रम फार आवडतो.

दर रविवारी एकेक पेटवत जायचं असं चार मेणबत्त्यांचं चक्र आता सगळीकडे दिसतं, ते मूळचं जर्मनीतलं. हॅम्बुर्गला योहान हिनरिक विखर्न नावाचे लुथरन (प्रोटेस्टंट) धर्मशास्त्रज्ञ गरीब मुलांसाठी आश्रम चालवायचे, मुलं रोज विचारायची नाताळला किती दिवस राहिले, म्हणून १८३९ मध्ये त्यांनी एका लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजची एक छोटी लाल आणि रविवारची मोठी पांढरी, मुलांनी स्वतःच मोजावं म्हणून. कॅथलिक चर्चमध्ये ते विसाव्या शतकात आलं, आणि तीन जांभळ्या, एक गुलाबी असे आपले रंग त्याला मिळाले. आमच्या घरी स्टीलच्या ताटात सुरूच्या डहाळ्या असतात. गुलाबी मेणबत्ती दुकानात मिळाली नाही की दादा पांढऱ्या मेणबत्तीला गुलाबी पतंगाचा कागद गुंडाळायचा आणि पेटवायच्या आधी काढायचा.

ती गुलाबी उद्या लावायची. तिसरा रविवार हा आनंदाचा रविवार, गाउदेते म्हणतात, म्हणजे आनंद करा, बायबलमधल्या पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातला शब्द आहे. आणि मत्तयच्या वर्षी नेमकं याच दिवशी वाचन काय असतं, तर योहान बाप्तिस्ता तुरुंगात पडलाय. ज्याने आयुष्यभर ओरडून सांगितलं की तारणारा येतोय, तयारी करा, तो आता कोठडीतून आपले शिष्य पाठवून येशूला विचारतोय की जो यायचा तो तूच ना, की आम्ही दुसऱ्या कुणाची वाट बघू? येशू त्याला हो किंवा नाही असं सरळ सांगतच नाही. म्हणतो, जे बघताय ऐकताय ते जाऊन सांगा, आंधळ्यांना दिसतंय, पांगळे चालतायत, गरिबांना शुभवार्ता मिळतेय. तुझा तुरुंग उघडेल असं काही म्हणत नाही, आणि तो उघडलाही नाही, पुढे योहानाचं डोकं उडवलं गेलं. आनंदाच्या रविवारी चर्चने हे वाचन का ठेवलं असेल हे मला कितीतरी वर्षं कळायचं नाही.

कळलं ते मम्मीमुळे. दादा मालवाहू जहाजावर असतो. जानेवारी २०२० ला सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर गेला, मग बंदरं बंद, विमानं बंद, क्रू बदलायलाच कुणी तयार नाही. जून गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. नोव्हेंबरात पाडव्याला राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली, २९ तारखेला आगमनकाळ सुरू झाला, आणि दर रविवारी मम्मी न चुकता मेणबत्ती लावत होती, नाचणीसुद्धा पेरली. आम्हाला वाटायचं तिची श्रद्धा किती पक्की आहे. नाताळ झाला, तीन राजांचा सण झाला, आजूबाजूच्या सगळ्यांनी नाताळला घरावर लावलेले तारे काढले. आमच्या ओटीवरचा तारा मात्र तिने काढू दिला नाही. दादा फेब्रुवारीत घरी आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि अख्ख्या गल्लीत तेवढा एकच तारा पेटलेला.

त्यानंतर दोन वर्षांनी, २०२२ च्या तिसऱ्या रविवारी हे योहानाचं वाचन झालं. घरी येताना रिक्षात मम्मी एकदम म्हणाली, "त्या वर्षी मी मेणबत्ती लावायची ना गं, पण प्रार्थना येतच नव्हती. देव ऐकतोय का नाही हेच कळत नव्हतं. तुम्हाला बोलले नाही." मी काही बोलायच्या आत तीच पुढे म्हणाली, "योहानालासुद्धा असं झालं होतं. आणि त्याच्यावर येशू रागावला नाही."

खरंच नाही रागावला. शिष्य परत गेल्यावर लोकांना म्हणाला, स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कुणी झाला नाही. ज्याने नुकतीच शंका विचारली त्याच्याबद्दल हे बोलला. मला आता वाटतं की वाट बघणं म्हणजे सगळा वेळ मन शांत आणि खात्रीने भरलेलं असणं नव्हेच, आतून काही येत नसतानाही काडी ओढून मेणबत्ती लावणं हीसुद्धा वाट बघणंच आहे, आणि त्या रविवारचा आनंद बहुतेक अशाच माणसांसाठी आहे.

यंदा दादा परत जहाजावर आहे. नाताळला नाहीये, मार्चमध्ये येईल. गुलाबी कागद मी आणून ठेवलाय, उद्या मिस्सेहून आल्यावर लावू. नाचणी पेरली की मला फोटो पाठव असं त्याने जातानाच सांगितलं होतं, म्हणून सकाळी ताटलीचा फोटो पाठवला, नुसती काळी माती आणि वर मम्मीच्या बोटांचे ठसे. त्यांना मध्य समुद्रात नेट मिळेल तेव्हा बघेल. आत्तापर्यंत एकच टिक आलीये.