तीनच रंग आणि कापसाचा ओलावा

परवा एका पोराचा फोन आला. शेजारच्या गावच्या शेतकरी गटाचं खरेदीचं रजिस्टर तो सांभाळतो. म्हणे दादा, एक्सेलच्या शीटमधे मस्त रंग भरले होते, फाइल मेल केली आणि समोरच्याकडे अर्धे रंग गायबच. मी विचारलं सेव्ह कशात केली? तर एक्सएलएसमधे, म्हणजे एक्सेलच्या जुन्या फाइल प्रकारात, कारण समोरचा अजून एक्सेल २००३ वापरतो. सेव्ह करताना एक खिडकी उघडली होती, पोरानं ती न वाचता कंटिन्यू करून टाकली. त्या खिडकीत हेच लिहिलेलं असतं, की काही सेलमधे या फॉरमॅटला चालतात त्यापेक्षा जास्त कंडिशनल फॉरमॅट, म्हणजे आकडा पाहून सेलला आपोआप रंग देणारे नियम, आहेत. २००३ मधे पहिले तीनच दिसतात. बाकीचे पुसले जात नाहीत, नव्या एक्सेलमधे उघडले की परत येतात, पण समोरच्याला ते काय कामाचे.

फोन ठेवला आणि मला सरळ २००८ चा हंगाम आठवला. तेव्हा मी वर्धा जिल्ह्यात एका जिनिंगमधे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, वजनकाट्यावर कॉम्प्युटर सांभाळायचो. हिंगणघाटचा बाजार जवळ, दिवाळी झाली की रस्त्यावर नुसत्या बंड्या आणि ट्रॅक्टर, आणि आमच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर, त्यात ऑफिस २००३, इन्व्हर्टरवर चालणारा, कारण लोडशेडिंगचा काही भरवसा नव्हता. माझं काम एवढंच, की गाडी काट्यावर आली का नाव, गाव, भरलेलं वजन, रिकामं वजन आणि ओलावा टाकायचा आणि काटापट्टी काढून द्यायची.

ओलाव्याचा हिशोब ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, त्याच्यावर १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला भाव १ टक्क्यानं कमी, आणि १२ च्या वर कापूस घेतच नाहीत. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ३००० रुपये क्विंटल होता, म्हणजे एक टक्का ओलावा म्हणजे ३० रुपये. सकाळी दवात वेचलेला कापूस, लगेच भरून आणला तर ओला येणारच, आणि तोच कापूस दोन दिवस घरात पसरून ठेवला तर बराच उतरतो. ओला कापूस गंजीत गेला तर आतून तापतो, रुई पिवळी पडते, सरकी खराब होते, म्हणून जिनिंगवाल्याची काळजीही खोटी नसते.

आमच्या मुनीमजींना आकडे वाचायला वेळ नसायचा. ते म्हणाले, तू मला रंग दे, मी रंग पाहून भाव लावतो. मला बरंच वाटलं, नवीन नवीन शिकलो होतो. फॉरमॅट मेनूत कंडिशनल फॉरमॅटिंग उघडलं, मनात सहा रंग होते, ८ पर्यंत हिरवा, मग ९, १०, ११, १२ चे चार वेगवेगळे आणि १२ च्या वर लाल. पहिली अट टाकली, अॅड दाबलं, दुसरी, अॅड, तिसरी टाकली आणि अॅडचं बटन करडं पडलं. दाबलं तरी दबत नाही. मला वाटलं कॉम्प्युटर अटकला, बंद करून चालू केला, परत तेच. दोन दिवसांनी कळलं की एका सेलला तीनच अटी, त्याच्यावर नाही. चौथा रंग म्हणजे सेलचा मूळचा रंग, पण तो तर रिकाम्या सेललाही असतो, त्यामुळे तो वापरायची माझी हिंमत झाली नाही.

मग मी काय केलं, ८ पर्यंत हिरवा, १२ च्या वर लाल आणि मधलं सगळं पिवळं. मुनीमजींनी पिवळ्याला क्विंटलमागे सरसकट ८० रुपये कट ठरवून टाकला. काम भराभर व्हायला लागलं, सगळे खूश.

एक दिवस एक काका आले, बंडीत २२ क्विंटल कापूस, दोन खेपा मिळून. मीटरची सुई कापसात खुपसली, ८.६ आलं. शीटमधे पिवळा. त्यांच्या मागे एका ट्रॅक्टरचा ११.८, तोही पिवळा. दोघांनाही ८० चा कट. काका खिडकीतून स्क्रीनकडे पाहत होते. म्हणाले, "बाबू, माह्या कापसाले अन् त्या ट्रॅक्टरच्या कापसाले एकच रंग काहून देल्ला? हात लावून पाय ना." मी खरंच बाहेर जाऊन हात लावला. काकांचा कापूस कोरडा, मुठीत दाबला तर लगेच फुलून वर येत होता, आणि ट्रॅक्टरचा हाताला थंड लागत होता. नियमानं काकांचा कट ०.६ टक्क्याचा म्हणजे १८ रुपये व्हायला पाहिजे होता. ८० गेले. क्विंटलला ६२ रुपये जास्तीचे, २२ क्विंटलचे १३६४ रुपये. मी हिशोब पाटीवर करून मुनीमजींना दाखवला, ते म्हणाले पट्टी निघाली आता, आणि काका बंडी घेऊन गेले. चौथी अट टाकता येत नव्हती म्हणून एका माणसाचे १३६४ रुपये गेले, ही गोष्ट माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

त्या रात्रीपासून मी या तीनच्या कुंपणाच्या मागे लागलो. त्यातलं जे जे सापडलं ते सांगतो, कारण जुन्या मशीनवर काम करणारे अजून आहेत.

पहिली युक्ती नंबर फॉरमॅटची. सेलच्या कस्टम फॉरमॅटमधे चौकोनी कंसात रंग आणि अट लिहिता येते, दोन अटी आणि उरलेल्यासाठी तिसरा भाग, म्हणजे अक्षराचे तीन रंग होतात, आणि हे कंडिशनल फॉरमॅटिंगच्या तीनमधे मोजलं जात नाही. मग बॅकग्राउंडचे रंग तिकडून आणि अक्षराचे इकडून असं जोडून पाच-सहा प्रकार वेगळे दिसायला लागतात. मी दोन दिवस वापरलं. पिवळ्यावर निळं अक्षर आणि पिवळ्यावर काळं अक्षर, यातला फरक संध्याकाळी त्या खोलीतल्या उजेडात मुनीमजींना दिसेना.

दुसरी युक्ती मॅक्रोची. शीटमधे काही बदललं का कोड चालतो, आकडा पाहतो आणि सेल रंगवतो, ५६ रंगांच्या पॅलेटमधून पाहिजे तेवढे घ्या. एका मित्राकडून कोड घेतला, सहा रंग आले, मी हरखून गेलो. पण मॅक्रोची दुखणी हळूहळू कळतात. एक तर मॅक्रो चालला का अनडू पुसलं जातं, चुकून एखादी नोंद खोडली का परत आणता येत नाही, आणि काट्यावर बसणाऱ्या माणसाला अनडू नसणं म्हणजे फार मोठी गोष्ट आहे. दुसरं, हा कोड माणसानं हातानं टाकलेल्या आकड्यावर चालतो, फॉर्म्युल्यानं आकडा बदलला तर त्याला पत्ताच नसतो, जुना रंग तसाच राहतो, त्याच्यासाठी कॅल्क्युलेटचा वेगळा इव्हेंट लिहावा लागतो. आणि तिसरं, २००३ मधे मॅक्रो सिक्युरिटी मुळात हायवर असते, सही नसलेला मॅक्रो काही न विचारता बंद. तीच फाइल शेठजींच्या कॉम्प्युटरवर उघडली तर रंग बदलणं थांबलेलं, आणि थांबलंय हे कोणाला कळतही नाही. चुकीचा रंग हा रंग नसण्यापेक्षा वाईट, माझ्या मते तरी.

मग एका दुपारी बाहेर गाड्या कमी होत्या आणि मी कागदावर काकांचा हिशोब परत लिहून काढत होतो. ओलाव्यातून ८ वजा, उणे आलं तर शून्य, गुणिले भावाचा शंभरावा भाग. एवढंच. हे तर मॅक्स, म्हणजे दोन आकड्यांतला मोठा घेणारं फंक्शन, लावून एका सेलमधे होतं! मी रंगातून भाव काढायच्या मागे लागलो होतो, आणि भाव तर आकड्यातूनच निघत होता. त्याच दुपारी ओलाव्याच्या शेजारी 'कट' नावाचा कॉलम केला. ८.६ टाकलं, १८ आले. ११.८ टाकलं, ११४ आले. काकांचे १८ रुपये तिथे लिहिलेले पाहून मला काय वाटलं ते सांगता येत नाही.

त्याच्या पुढे 'प्रत' नावाचा अजून एक कॉलम केला, कारण गंजी वेगळ्या लावायच्या होत्या. तिथे आधी इफमधे इफ घातले, तर तिथेही कुंपण, २००३ मधे एकात एक असे सातपर्यंतच फंक्शन चालतात. म्हणून बाजूला छोटा तक्ता केला, ओलावा कुठून सुरू होतो आणि प्रत कोणती, आणि तक्त्यातून शोधून आणणाऱ्या व्हीलुकअपनं उचललं. यात एक बारीक गोष्ट आहे, तक्ता चढत्या क्रमानं लावायचा आणि प्रत्येक ओळीत ती प्रत जिथून सुरू होते तो आकडा लिहायचा. ८ लिहिलं तर बरोबर ८ ओलाव्याचा कापूस खालच्या प्रतीत जातो आणि शेतकऱ्याचं नुकसान होतं. आमचं मीटर एका दशांशापर्यंत दाखवायचं, म्हणून मी ८.१ लिहिलं, ९.१, १०.१, तसं.

हे झाल्यावर रंगाकडे परत आलो आणि तेव्हा तीन पुरायला लागले. लाल, १२ च्या वर, गाडी खाली करू नका. पिवळा, ओलावा टाकायचाच राहिला पण वजन टाकलंय. आणि निळा सगळ्यात कामाचा, सेल रिकामा नाही आणि आकडा ४ पेक्षा कमी किंवा २० पेक्षा जास्त, म्हणजे टाइप करताना पॉइंट राहिला, ८.६ चं ८६ झालं. अटींचा क्रम मात्र महत्त्वाचा, २००३ मधे जी अट आधी खरी ठरली तीच लागते, म्हणून निळा सगळ्यात वर ठेवला, नाही तर ८६ ला लाल लागून मोकळं. प्रिंट काळीपांढरी निघायची, आधी त्यात सगळे रंग सारखेच करडे दिसायचे, आता प्रत आणि कट अक्षरात असल्यामुळे शेतकऱ्याच्या हातातल्या पट्टीवर सगळं वाचता यायचं. आणि महिन्याच्या शेवटी शेठजी विचारायचे कोणत्या प्रतीचा किती माल आला, तर अट पाहून बेरीज करणारं समइफ लावलं का झालं. रंगांची बेरीज करणारं फंक्शन तेव्हाही नव्हतं, आजही एक्सेलमधे सरळ असं फंक्शन नाही, रंगानं फिल्टर होतं एवढंच.

मुनीमजींनी पहिले चार दिवस कुरकुर केली, मग तेच पट्टीवरचा कट मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. काका त्या हंगामात परत आले नाहीत.

२००७ च्या एक्सेलमधे तीनची मर्यादा गेली, मेमरी पुरेल तेवढे नियम लावा. पण आमच्याकडे ते बऱ्याच उशिरा आलं, आणि तोपर्यंत मला गरजही उरली नव्हती. दुसरी एक अडचण मात्र २००७ मधेही होती, नियमात दुसऱ्या शीटचा सेल घेता येत नव्हता. भाव एका शीटवर आणि नोंदी दुसऱ्यावर असतील तर त्या सेलला नाव द्यायचं आणि नियमात नाव लिहायचं, ते चालायचं. २०१० मधे ते सरळ जमायला लागलं.

आता मी शेतकरी कंपनीचं काम पाहतो आणि सगळं गुगल शीटवर आहे, तिथे हेच दुखणं परत भेटतं. दुसऱ्या टॅबचा सेल नियमात सरळ लिहिला तर घेत नाही, इनडायरेक्ट नावाच्या फंक्शनमधे अवतरणचिन्हात लिहावा लागतो. आणि मग कोणी त्या टॅबचं नाव 'दर' चं 'दर नवीन' केलं का नियम गुपचूप मरतो, कारण अवतरणातलं नाव आपोआप बदलत नाही. मी म्हणून १२ ची मर्यादा त्याच टॅबवर एका लपवलेल्या कॉलममधे आणून ठेवतो आणि नियम तिथून वाचतो.

आणि नव्या एक्सेलवाल्यांना अगदी कळकळीनं सांगतो, फाइल जड झाली, स्क्रोल करताना अडखळते, तर आधी मॅनेज रूल्स उघडून पाहा. आमच्या इथल्या पोरीनं हंगामभर वरची ओळ कॉपी करून खाली पेस्ट केली, दर पेस्टला नियमाचे तुकडे होत गेले, माझे तीन नियम होते, यादी खाली सरकवत गेलो तर संपेना. सगळे क्लिअर केले, पूर्ण कॉलमला परत तीनच लावले, आणि तिला पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यूज पेस्ट करायला शिकवलं. फाइल लगेच हलकी झाली.

त्या फोनवाल्या पोराला मी तेच सांगितलं, सहा रंग राहू दे बाजूला, आधी कट आणि प्रत अक्षरात लिही, मग २००३ असो की काही असो, तुझी फाइल सगळीकडे सारखीच वाचता येईल. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८११० होता, म्हणजे एक टक्का ८१ रुपयांचा झाला होता. काल त्यानं शीटचा फोटो पाठवला. ११.२ च्या जागी ११२ टाइप झालं होतं, सेल निळा झाला, आणि त्यानं पट्टी काढायच्या आधीच मीटर परत लावून घेतलं.