आमची वाटचाल : होमपेजपासून विसरलेल्या सबडोमेनपर्यंत

सुरुवातीला आमच्या करारात एकच ओळ असायची : विद्यापीठाची वेबसाइट बनवून देणे. कुणी हल्लेखोराने साइट विद्रूप केली, होमपेजवर काळी पाटी आणि त्याचं टोपणनाव झळकलं की बॅकअप चढवायचा, काम संपलं. ही पद्धत चुकीची होती. बॅकअपसोबत मूळचं भगदाडही परत येतं. शिवाय हल्लेखोर शिरतो एका दिवशी आणि पान बदलतो बऱ्याच दिवसांनी. मधल्या बॅकअपमध्ये त्याचं वेबशेल (सर्व्हरवर दुरून हुकूम चालवणारी लपवलेली फाइल) आधीच बसलेलं असतं.

म्हणून आता पहिलं काम विद्यापीठाच्या सगळ्या साइटच्या यादीचं. मुख्य साइट सहसा आधी फुटत नाही. फुटते ती जुन्या परिषदेची, बंद पडलेल्या नियतकालिकाची, पदवी घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याने बनवलेली, म्हणजे मुख्य पत्त्याच्या पोटपत्त्यावर (सबडोमेनवर) विसरून गेलेली. सगळ्या साइट एकाच सर्व्हरवर एकाच युजरखाली चालत असतील, तर तिथून होमपेज हाताच्या अंतरावर. डीएनएसमधली (कुठला पत्ता कुठल्या सर्व्हरवर जातो, त्या नोंदवहीतली) प्रत्येक नोंद काढून तिच्यासमोर जबाबदार माणसाचं नाव लिहितो. नाव सापडलं नाही, तर साइट साध्या एचटीएमएल पानांत उतरवतो. होऊन गेलेल्या परिषदेला डेटाबेस हवा कशाला? बाहेरच्या होस्टिंगकडे वळवलेल्या, पण तिथलं खातं बंद झालेल्या सीनेम नोंदीही (एक पत्ता दुसऱ्या पत्त्याकडे वळवणाऱ्या) काढून टाकतो. नाहीतर तेच खातं दुसरा कुणी घेतो आणि विद्यापीठाच्या पत्त्यावर आपलं पान लावतो, सर्व्हरला हात न लावता.

अपडेटचा वाद प्रत्येक विद्यापीठात होतो. ‘निकाल लागू द्या, मग बघू.’ १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरने एसक्यूएल इंजेक्शनचा (बाहेरच्याला डेटाबेसवर हवे ते हुकूम चालवू देणारा) दोष जाहीर केला. ७ तासांत पॅच (दोष बुजवणारं अपडेट) न लावलेली साइट फुटलीच असं समजा, असं नंतर त्यांनीच कळवलं. वर्डप्रेस या तशाच सॉफ्टवेअरच्या ४.७.० आणि ४.७.१ मध्ये लॉगिन न करता लेख बदलता येत होता. २६ जानेवारी २०१७ ला पॅच आला, १ फेब्रुवारीला दोषाचा तपशील जाहीर झाला आणि लगोलग साइट विद्रूप करण्याची लाट आली. गंभीर पॅच २४ तासांत, हे आता आमच्या करारातच असतं.

सगळ्यात जास्त वेळ जातो अपलोड फोल्डरवर. अर्जासोबत फोटो मागायचा आणि तपासायचं फक्त फाइलच्या नावाचं शेपूट, ही नेहमीची चूक. फोटोच्या नावाखाली पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, चढवता येतो. त्या फोल्डरमध्ये पीएचपी चालताच कामा नये. एचटीअॅक्सेसमध्ये (फोल्डरमधल्या नियमांच्या फाइलमध्ये) बंदी लिहिली म्हणून निर्धास्त राहू नका; एनजिनएक्स हा वेबसर्व्हर ती फाइल वाचतच नाही. एका ओळीची निरुपद्रवी पीएचपी फाइल तिथे ठेवून ब्राउझरमध्ये उघडा. ४०३ (मनाई) असं उत्तर आलं तरच बंदी खरी. ७७७ परवानगी (कुणीही फाइल बदलू शकतो) कुठेही नको. फाइलला ६४४, फोल्डरला ७५५, म्हणजे बदल फक्त मालकालाच करता येतो. पण कोडचा मालक वेबसर्व्हरचाच युजर असेल, तर ६४४ नुसतं शोभेचं. मालक वेगळा ठेवला की वर्डप्रेस स्वतःहून अपडेट होत नाही, ते काम त्या वेगळ्या युजरने कमांडवरून करावं लागतं. कटकट आहे, पण आम्ही तीच पत्करतो.

साइट चालू आहे का एवढंच बघणारी देखरेख इथे कामाची नाही, विद्रूप पानही २०० (सगळं ठीक) असंच उत्तर देतं. आम्ही फाइलींचे हॅश (मजकूर जरा बदलला तरी बदलणारे ठसे) दुसऱ्या मशीनवर ठेवून ताडून बघतो. खरं तर काळी पाटी लावणारा परवडला, निदान कळतं तरी. फक्त सर्च इंजिनलाच दिसतील अशी औषधांच्या जाहिरातींची पानं घुसवणारा महिनोन्‌महिने सापडत नाही.

हल्ला झालाच, तर आधी काही पुसायचं नाही. डिस्क आणि लॉगची (सर्व्हरवर काय घडलं त्याच्या नोंदींची) प्रत घ्यायची (लॉग अनेकदा १४ दिवसांत आपोआप उडतात), सूचनेचं पान वेगळ्या सर्व्हरवरून दाखवायचं. मग क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं), नवे अॅडमिन, अलीकडे बदललेल्या फाइली बघायच्या. फाइलीवरची तारीख मागे नेता येते, त्यामुळे लॉगशीही ताडायची. कोड मूळ स्रोतातून नव्याने बसवायचा, बॅकअपमधून फक्त मजकूर आणि चित्रं घ्यायची, तीही तपासून. डेटाबेसचा पासवर्ड बदलायला लोक हमखास विसरतात.