सांगली ते मिरज पायी: काकांच्या सावलीवर विसंबू नका

आधी निकाल सांगतो. गणपती मंदिर ते विश्रामबाग खुशाल चालत जा. विश्रामबाग ते वानलेसवाडी पायांत दम असेल तर. वानलेसवाडीला मात्र जे वडाप (माणशी भाड्याची जीप किंवा रिक्षा) मिळेल त्यात बसा आणि मिरजेच्या मिशन हॉस्पिटलपाशी उतरा. मी बसलो नाही. तळपायाचा फोड अजून ओला आहे, म्हणून जरा तिरसट लिहितोय.

फसवलं ते मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी. आम्ही साताऱ्याचे, ते सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजचे जुने विद्यार्थी. "अरे, दहा किलोमीटर तर रस्ता. दोन्ही बाजूंना झाडं, दोन तासांत मिरजेत." म्हणून निवांत चहा घेऊन पावणेदहाला निघालो. मार्चचा तिसरा आठवडा, आणि पावणेदहा! तुम्ही साडेसहाला निघा.

हा रस्ता चालायचाच का, तर त्याच्या दोन टोकांच्या भांडणासाठी. १८०१ मध्ये चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांचं मिरजेच्या चुलत्यांशी, गंगाधररावांशी, फाटलं. ते कृष्णेकाठी सांगलीला आले आणि वेगळं संस्थान थाटलं. गणपती मंदिर त्यांनीच उभारायला घेतलं. म्हणजे हा सगळा रस्ता पुतण्याच्या दारातून चुलत्याच्या दारापर्यंतचा. पुढे १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड एकाच महापालिकेत आले. वाटणी १९७ वर्षांनी मोडली म्हणायची. अर्थात मिरजेत कुणाला "तुम्ही सांगलीचेच ना?" असं विचारून बघू नका. मी विचारलं.

पहिले चार किलोमीटर सोपे आहेत, त्यावर फार लिहीत नाही. राजवाडा, राममंदिर चौक, पुष्पराज चौक. भडंग इथेच घ्या, पाण्याच्या दोन बाटल्याही. पुढे सावलीत बसून खावं अशी जागा मला तरी सापडली नाही.

या बाजूला शहर एवढं का पसरलं, हे चालताना पायांनाच कळतं. नदीकडून निघालात की हळूहळू चढ लागतो. गाडीतून तो जाणवणारही नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्याआधी २००५ चा पूर झालेला. दोनदा पाण्यात राहिलेला माणूस तिसरं घर उंचावर बघणार, आणि सांगलीकराला उंचावर म्हणजे विश्रामबागेकडे.

विश्रामबागेत दोन कॉलेजं मोठी. विलिंग्डन १९१९ चं, वालचंद इंजिनिअरिंग १९४७ चं. ती उभी राहिली तेव्हा इकडे माळच होता. आता दुकानं, क्लासेस, हॉस्टेलं, आणि फुटपाथवर लावलेल्या दुचाकी. इथून काकांना फोन केला.

"काका, झाडं कुठायत?"

"अरे, कॉलेजच्या आवारात आहेत की."

"आणि रस्त्यावर?"

"रस्त्याचं मला काय माहीत? आम्ही सायकलवर भुर्रकन जायचो."

म्हणजे ते हा रस्ता आयुष्यात कधी चाललेच नव्हते!

वानलेसवाडी हे नाव डॉ. विल्यम वानलेस यांच्यावरून पडलं. कॅनडातून आलेल्या या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिरजेत ते मिशन हॉस्पिटल काढलं. क्षयरोग्यांचं आरोग्यधाम मात्र गावाबाहेर इथे केलं, कारण हवा चांगली. मी गेलो तेव्हा हवेत डिझेल होतं.

आता तो तुकडा. वानलेसवाडी ओलांडली की कृपामयी हॉस्पिटलकडे जाताना पायी माणसाला जागाच उरत नाही. डावीकडे कच्ची कड आणि खडी, उजवीकडे कानाला चाटून जाणारे ट्रक. रेल्वेवरच्या पुलावर तर मी अक्षरशः कठड्याला पाठ लावून आडवा सरकत होतो. एका एसटीने हॉर्न दिला तेव्हा हातातलं भडंग सांडलं. अंतर म्हणाल तर किरकोळ, पण एवढ्यात माझा पाऊण तास गेला. सोबत लेकरं असतील किंवा पावसाळा असेल तर इथे चालायचा विचारही नको. शूर असाल तरी नको. त्या पुलावर बघण्यासारखं काही नाही.

मिशन हॉस्पिटलपाशी पोचलो तेव्हा पावणेएक झाला होता. तिथून गावात शिरलो आणि सतारमेकर गल्लीत राग उतरला. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्यं करायला घेतली. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एका दुकानात एक म्हातारबाबा जवारी काढत, म्हणजे तार गुंजावी म्हणून तिच्याखालची घोडी घासत, बसले होते. घोडीवर कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, मान हलवायची, पुन्हा कानस. अर्धा तास मी दारात उभा. शेवटी ते म्हणाले, "पाव्हणं, बसा की, उभं राहून सूर लवकर लागत न्हाई." जवळच मीरासाहेबांचा दर्गा. १९३७ मध्ये गेलेले गायक अब्दुल करीम खाँ तिथेच विसावले आहेत. तेवढा वेळ फोड दुखायचा थांबला होता. त्यामुळे गल्लीसाठी दोन तास ठेवा, हा सल्ला थोडा भारावून दिलाय हे धरून चाला.

दर्ग्यापासून मिरज जंक्शनला रिक्षा केली, तिथे पुन्हा फसलो. भाडं न विचारता बसलो आणि उतरताना दीडशे रुपये मोजले. चालत वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर. लंगडत बाहेर आलेला माणूस रिक्षावाल्याला लांबून ओळखू येतो. बसण्याआधी आकडा ठरवा, नाहीतर चौकातल्या वडापला हात करा.

स्टेशनात थांबून काही बघायचं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी घेऊन रेल्वे निघाली ती इथूनच, एवढं मनात ठेवून नळावर बाटली भरली. परतीला वडाप केलं. मागच्या सीटवर आम्ही चौघं, माझ्या मांडीवर कुणाची तरी भाजीची पिशवी. तो पूल कधी गेला ते कळलंही नाही. अर्ध्या तासात सांगली, आणि सगळा वेळ सावली.