इझ्देलिये म्हणजे प्रॉडक्ट

मी रशियनची दुभाषी. आता जास्त करून क्लासेस घेते, पण मधली सात-आठ वर्षं मुंबईतल्या हॉस्पिटलांमध्येच गेली. ताश्कंद, अल्माटी, बिश्केक इकडून लोक ऑपरेशनला यायचे, त्यांना एअरपोर्टवर घ्यायचं आणि डिस्चार्जच्या बिलावरून वाद होईपर्यंत त्यांचं तोंड आणि कान आपण व्हायचं, असं ते काम. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकत होते तेव्हा वाटायचं आपण जाडजाड रशियन कादंबऱ्या मराठीत आणणार. प्रत्यक्षात आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा बोललेलं माझं रशियन वाक्य "आज पोट साफ झालं का?" हे आहे.

तर हे आजोबा. दहा-बारा वर्षं झाली असतील. वय ७१, ताश्कंदला स्थायिक झालेले रशियन, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, बरोबर मुलगी. नाव सांगत नाही. रशियनमध्ये मोठ्या माणसाला नाव आणि वडलांचं नाव जोडून हाक मारतात, आपल्याकडे फॉर्मवर लिहितात तसंच, पण सिस्टरना ते लांबलचक काही जमेना, म्हणून पहिल्याच दिवशी अख्ख्या मजल्याने त्यांचं "आजोबा" करून टाकलं आणि दोन दिवसांत ते त्या हाकेला ओ पण द्यायला लागले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अ‍ॅनेस्थेशियावाल्या मॅडम तपासायला आल्या. वयाने मोठ्या, घाईत, पण चांगल्या. माझ्याशी मराठीत बोलायच्या कारण माझ्या मराठीवर त्यांचा माझ्या इंग्लिशपेक्षा जास्त विश्वास होता. नेहमीचे प्रश्न झाले, दमा आहे का, कसली अ‍ॅलर्जी, कवळी आहे का, दारू किती (रशियन पेशंट इथे जो आकडा सांगतात तो मी इमानदारीत तसाच सांगते, मॅडम आपणहून दुप्पट लिहितात). मग बीपी घ्यायला आजोबांनी बाही वर केली आणि मनगटापासून कोपरापर्यंत कातडी अशी चुरगळलेली, गुळगुळीत, दुधावरच्या सायीला सुरकुती पडते ना तशी.

"हे काय?"

"अ‍ॅसिड."

"कुठे सांडलं?"

आता आमच्या कामाचा एक नियम असतो, पेशंट "मी" म्हणाला की आपणही "मी"च म्हणायचं, "ते म्हणतायत की" वगैरे नाही. त्यामुळे मी साडेपाच फुटी बाई त्या खोलीत सरळ म्हणाले, "मी प्रॉडक्टवर काम करायचो." करायचो! इंग्लिशमध्ये कळत नाही, मराठीत लगेच कळतं, बाजूची नवीन सिस्टर माझ्याकडे बघायला लागली.

"कसलं प्रॉडक्ट? साबणाच्या फॅक्टरीत होते का?"

मी विचारलं. आजोबा म्हणाले, नाही, इझ्देलिये. मी परत म्हणाले, प्रॉडक्ट. कारण डिक्शनरीत तेच आहे हो, इझ्देलिये म्हणजे तयार माल, बेकरीतला पाव सुद्धा इझ्देलियेच. मॅडमचा चेहरा असा झाला की ही मुलगी आज जेवून आली नाहीये का. मला घाम. आजोबा एकदा मुलीकडे बघतायत, एकदा माझ्याकडे, आणि मग हळू आवाजात मला विचारलं, "या डॉक्टर मिलिटरीतल्या आहेत का?" मी म्हणलं नाही हो, दादरच्या आहेत. (हे मॅडमना भाषांतर केलं नाही.) मग त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "नू, रकेता."

"मॅडम, रॉकेट."

"अगं, नीट विचार त्यांना. कसलं रॉकेट?"

आजोबांनी दरवाज्याकडे बोट केलं. उघडाच होता. इथपासून त्या लिफ्टपर्यंत, म्हणाले, एवढं लांब. २२ मीटर. आर-१२. मी पेट्रोल भरणाऱ्या टोळीत होतो.

पेट्रोल नव्हतं अर्थात. केरोसीनसारखं इंधन आणि ते जाळायला नायट्रिक अ‍ॅसिड, त्याला ते जो शब्द वापरत होते, ओकिस्लीतेल, तो मला येत नव्हता, मी मोबाईल काढून बघितला, ऑक्सिडायझर. रबरी सूट, गॅस मास्क, आणि ट्रेनिंगमध्ये एकदा हातमोजा फाटला. मॅडमचं पेन थांबलं पण डोकं नाही थांबलं, त्यांनी पटकन विचारलं, वाफ छातीत गेली होती का? गेली होती. तांबडी वाफ, आठवडाभर खोकला. जिन्याने धाप लागते का? लागते, पण गुडघ्यांमुळे मी जिना चढतोच कुठे. झालं, फुफ्फुसाची टेस्ट लिहिली गेली, ऑपरेशन एक दिवस पुढे गेलं, पूर्ण भूल न देता पाठीतून इंजेक्शन द्यायचं ठरलं. एका शब्दावर. मी जर त्यांना फॅक्टरीतच ठेवून दिलं असतं तर?

मॅडम जाता जाता सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "कुठे होतं हे रॉकेट?" आणि आजोबा म्हणाले, "कूबा." म्हणजे क्यूबा, अमेरिकेच्या दाराशीचं बेट. मुलगी ताडकन उभी राहिली. तिला हे माहितीच नव्हतं. तिच्या हिशोबाने वडील तरुणपणी कुठल्या तरी गरम देशात शेतीच्या मदतीला गेले होते.

त्या दिवशी मला दुसरी केस नव्हती. संध्याकाळी मी तिथेच बसले, पैसे न लावता, हे कबूल करते की मला स्वतःलाच ऐकायचं होतं. आमच्या घरात ६२ म्हणजे चीन. २० ऑक्टोबरला हल्ला झाला, आजीने संरक्षण निधीला बांगडी दिली, यशवंतराव दिल्लीला गेले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, एवढंच ऐकलेलं. त्याच आठवड्यात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, क्यूबात नेलेल्या याच रॉकेटांवरून, अमेरिका आणि रशिया एकमेकांवर अणुबॉम्ब टाकायच्या बेतात होते हे मी नंतर पुस्तकात वाचलं, पण पुस्तकातला माणूस असा समोर पायजमा घालून दही खात बसलेला नव्हता.

त्यांना सांगितलेलं काहीच नव्हतं. जहाजावर स्की चढवले, लोकरी बूट, मेंढीच्या कातड्याचे कोट. नाव ऑपरेशन अनादीर, अनादीर ही सैबेरियाच्या पार टोकाची नदी, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं पोरं बर्फात चाललीत. कॅप्टनलासुद्धा बंद पाकीट, भर समुद्रात फोडायचं. आणि पोरं खाली, मालाच्या जागेत, वरची झाकणं बंद, अटलांटिकचं ऊन, आत भट्टी. रात्री थोडे थोडे जण वर हवा खायला. उतरताना युनिफॉर्म नाही, सगळ्यांना चौकडीचे शर्ट. हजारो गोरी पोरं एकसारख्या चौकडीच्या शर्टात! आजोबा हे सांगताना इतके हसले की सिस्टर आत आली. एकूण ४० हजारांच्या वर रशियन त्या बेटावर होते आणि अमेरिकनांचा अंदाज दहा हजारांच्या आसपास, म्हणजे शर्टांनी काम केलं म्हणायचं.

पण रॉकेट लपेना. पाहणीला आधी आलेल्या वरच्या साहेबांनी मॉस्कोला जाऊन सांगितलेलं की तिथे ताडामाडाची झाडं आहेत, खाली आरामात झाकलं जाईल. हे मी मुलीला परत विचारून घेतलं, माझा विश्वास बसेना. आमचं गाव गुहागरकडचं. माडाखाली उभं राहिलं तर एक माणूससुद्धा पूर्ण सावलीत येत नाही, तिथे २२ मीटरचं रॉकेट! कोकणातल्या कुठल्याही पोराला विचारलं असतं तरी एक महायुद्धाचा घोर वाचला असता. १४ ऑक्टोबरला अमेरिकेच्या यू-२ या हेरगिरीच्या विमानाने वरून फोटो काढले, १६ ला सकाळी ते अध्यक्ष केनेडींच्या टेबलावर.

आजोबांना यातलं काहीच ठाऊक नाही. त्यांना एवढंच कळलं की २३ तारखेपासून विमानं इतकी खालून जायला लागली की पायलटचं हेल्मेट दिसायचं. रात्रंदिवस ड्रिल, रबरी सूट घालून त्या उकाड्यात, लोक चक्कर येऊन पडायचे. रॉकेटच्या टोकावर बसवायचा बॉम्ब त्यांनी कधी बघितलासुद्धा नाही, ती माणसं वेगळी, ठेवलेला पण लांब. एकेक साधारण एक मेगाटनचा, म्हणजे हिरोशिमाच्या साठपट तरी. हा आकडा मी त्यांना विचारला नाही, घरी जाऊन बघितला.

२७ तारीख, शनिवार. बेटाच्या पूर्वेकडे बानेस गावावर रशियन मिसाईलने यू-२ पाडलं, पायलट गेला. त्या रात्री त्यांना सांगण्यात आलं की सकाळी हल्ला होईल. मी विचारलं, भीती वाटली का? (असले प्रश्न दुभाषाने विचारायचे नसतात.) म्हणाले, मी बूट काढून झोपलो. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. म्हणलं मरायचंच आहे तर पाय तरी मोकळे असू देत. आणि ऑर्डर आली असती तर? तर बूट घातले असते आणि नळी जोडली असती, काही तासांचं काम होतं. इतकं सरळ सांगितलं, की मुलीने मान खाली घातली आणि मी पाणी प्यायला उठले.

मला त्या रात्री घरी झोप लागली नाही ती मात्र वेगळ्याच कारणाने. मी त्या दिवसांबद्दल जे मिळेल ते वाचत बसले आणि सगळीकडे मला आमचा धंदाच दिसायला लागला. २६ तारखेला रशियाचा सर्वेसर्वा ख्रुश्चेव्ह, त्याचं केनेडींना लिहिलेलं लांबलचक पत्र मॉस्कोतल्या अमेरिकन वकिलातीत दिलं, त्यात ते प्रसिद्ध वाक्य, की युद्धाची गाठ मारलेल्या दोराची टोकं आपण दोघांनी ओढत बसू नये. तिथे बसून कोणीतरी ते इंग्लिशमध्ये केलं, मग तुकड्या तुकड्याने तार, पूर्ण पत्र वॉशिंग्टनला कळायला जवळजवळ बारा तास. बारा तास! मी एका बुटक्या शब्दावर दोन मिनिटं अडकले तर मॅडम वैतागल्या. उलट्या बाजूला वॉशिंग्टनमधले रशियन राजदूत दोब्रीनिन, त्यांचे सांकेतिक संदेश न्यायला तारऑफिसचा पोरगा सायकलवरून यायचा, आणि हे खिडकीतून बघणार की बाबा रे वाटेत गप्पा मारत थांबू नकोस. २५ ला युनोमध्ये अमेरिकेचे स्टीव्हन्सन सगळ्यांसमोर रशियाच्या झोरिनना म्हणाले, भाषांतराची वाट बघू नका, हो की नाही सांगा. लोकांना हे वाक्य फार आवडतं. मला राग येतो. तिथे काचेमागे हेडफोन लावून कोणीतरी माझ्यासारखं बसलं होतं, आणि त्या आठवड्यात घाई नसणं हीच तर एक चांगली गोष्ट होती. पत्र पोहोचायला वेळ लागायचा तेवढ्या वेळात माणसं जरा थंड व्हायची असं मला वाटतं, माझं मत, चुकीचं असेल.

अर्थात शेवटी त्यांनाच तो उशीर परवडेना. २८ ला, रविवारी, रॉकेट परत नेतो हे ख्रुश्चेव्हने सरळ मॉस्को रेडिओवर वाचून दाखवायला लावलं. तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर मिसाईलं काढायचं वचन मात्र आदल्या संध्याकाळी अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडींनी दोब्रीनिनना गुपचूप दिलेलं, ते कित्येक वर्षं बाहेर आलं नाही. आणि १९६३ मध्ये ती मॉस्को-वॉशिंग्टन हॉटलाईन, जिला सगळे लाल टेलिफोन समजतात. टेलिफोन नव्हताच. टेलिप्रिंटर होता, प्रत्येकाने आपापल्या भाषेत टाईप करायचं, समोरच्याने आपला भाषांतरकार लावून शांतपणे वाचायचं, कारण बोलताना दुभाषी गडबडला तर काय. म्हणजे आमच्यावर विश्वास नाही असंच झालं, पण इझ्देलिये प्रकरणानंतर मी कुठल्या तोंडाने बोलू.

दुसऱ्या दिवशी आजोबा गप्प. मग मला जवळ बोलावून म्हणाले, त्या डॉक्टरबाईंनी कागदावर काय लिहिलंय ते वाच. तेव्हा तोंड बंद ठेवायचं म्हणून सही करून घेतलेली, ती पन्नास वर्षांनीही डोक्यातून गेली नव्हती. मी फाईल उघडून वाचलं: नायट्रिक अ‍ॅसिडची वाफ, १९६२, सैन्यातलं ट्रेनिंग. क्यूबा नाही? नाही, म्हणलं, क्यूबा नाही लिहिलेलं. त्यांनी दोनदा मान हलवली. सुटल्यासारखी वाटली, की जरा वाईट वाटल्यासारखी, मला नाही ठरवता आलं. परत कसे आलात ते तेवढं सांगितलं. रॉकेटं डेकवर उघडी ठेवलेली, अमेरिकन विमानांनी मोजावीत म्हणून, आणि हे डिसेंबरात घरच्या बंदरात उतरले तेव्हा अंगात तोच चौकडीचा शर्ट, लोकरी बूट कोणाकडे गेले देव जाणे.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपीवाला पोरगा आला, वॉकर दिला, म्हणाला आज दरवाज्यातून निघून लिफ्टपर्यंत जायचं. आजोबा दातओठ खात निघाले, मी एका बाजूला, मुलगी दुसऱ्या. साधारण मधोमध आल्यावर थांबले, घाम पुसला, मागे वळून दरवाज्याकडे बघितलं, पुढे लिफ्टकडे बघितलं आणि काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणतायत?" पोराने विचारलं.

"म्हणतायत, अर्धं प्रॉडक्ट झालं."

"कसलं प्रॉडक्ट?"

मी म्हणलं, तू धर रे त्यांना, सांगते नंतर.