अडीच महिने आणि एक जावक क्रमांक: भावाच्या फर्लोचा माझा अनुभव

माझा धाकटा भाऊ सात वर्षांची सक्तमजुरी भोगत आहे. तो दोषी की निर्दोष हा वाद न्यायालयात संपला. मला लिहायचे आहे ते त्याच्या पहिल्या संचित रजेविषयी, म्हणजे शिक्षा भोगताना कैद्याला काही दिवस घरी जायला मिळणाऱ्या, सगळे जिला फर्लो म्हणतात त्या रजेविषयी. अर्ज कारागृहातूनच गेला, जामीनदार म्हणून माझे नाव लागले, हवालदारांनी घर पाहून माझा जबाब नोंदवला. इथवर तक्रारीला जागा नव्हती.

त्यानंतर मात्र गाडे अडले. कारागृहात विचारले की उत्तर मिळे, ‘पोलीस अहवाल आलेला नाही.’ ठाण्यात विचारले की, ‘ताई, तो तर केव्हाच पाठवला.’ मग गेला कुठे, असे विचारले की साहेब कधी बंदोबस्तात असत, कधी कोर्टात. दर मुलाखतीला भाऊ काचेपलीकडे फोन उचलून आधी तेच विचारी आणि मी नकारार्थी मान हलवी. बराकीत इतकी दाटी आहे की रात्री कूस बदलताना शेजारचा जागा होतो, हे त्याने एकदाच सांगितले. रजेचे मात्र प्रत्येक वेळी विचारले.

असे अडीच महिने गेल्यावर ठाण्यातल्या एका कारकुनाने, बहुधा माझ्या तगाद्याला कंटाळूनच, जावक नोंदवही माझ्यापुढे उघडली. भावाचे नाव होते, तारीख होती, क्रमांकही होता. आणि ‘कोणास पाठविले’ या रकान्यात त्या जिल्हा कारागृहाचे नाव होते, जिथून त्याला मध्यवर्ती कारागृहात हलवून वर्ष उलटले होते. म्हणजे दोन्ही कार्यालये खरेच बोलत होती, फक्त एकानेही दुसऱ्याला फोन केला नव्हता. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. अहवाल माझ्या हाती देता येत नाही, हे मान्य. पण पत्ता दुरुस्त करून नव्याने सही व्हायला आणखी नऊ दिवस लागले. या खेपेस मी जावक क्रमांक आणि तारीख लिहून घेतली, त्यांचा उल्लेख करून कारागृह अधीक्षकांना अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. पुढे कारागृह उपमहानिरीक्षकांची मंजुरी कधी आली, ते कळलेही नाही.

तेव्हा जबाब देतानाच कैदी क्रमांक आणि सध्याचे कारागृह त्यात लिहून घ्यावे. मी ते केले नव्हते. आणखी एक, जे खरे तर आधी सांगायला हवे होते: नियमांनुसार संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, या वेगळ्या आहेत. संचित रजेला कारण दाखवावे लागत नाही आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोलला कारण लागते आणि ते दिवस धरले जात नाहीत. आमच्या अर्जाच्या पहिल्या मसुद्यात आईचे आजारपण विनाकारण घुसले होते. संचित रजा हा निरपवाद हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटले आहे, आणि पोलिसांनी शांतताभंगाची भीती नोंदवली तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. म्हणून शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवावे.

परत हजर व्हायला उशीर झाला तर कमावलेली माफी, म्हणजे शिक्षेत मिळालेली सूट, कापली जाते. शेवटच्या दिवशी मी त्याच्यासोबत गेले आणि फाटकावरच्या वहीत त्याच्या नावापुढे वेळ लिहिली जाईपर्यंत तिथून हलले नाही.